खाऱ्या वाऱ्यातील बारा तारा

अलिबागेहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याने आक्षी मागे टाकून नागावच्या हद्दीत शिरले, की दोन्ही बाजूंच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जो गारवा अंगावर येतो तो पाहुण्याला सुखावतो खरा. परंतु त्याच गारव्यात मिसळलेले समुद्राचे क्षार येथील लोखंडाचा कसा समाचार घेतात, हे ज्याने येथे चार पावसाळे काढले त्यालाच ठाऊक. आक्षीचा शके ९३४ मधील शिलालेख ऊनपाऊस सोसून हजार वर्षे आपली अक्षरे राखून आहे. उलट वाडीच्या फाटकाची बिजागरी आणि खिडकीचे गज यांची मुदत मोजक्या वर्षांची. मग ज्या वस्तूत पोलाद सुतासारखे बारीक ओढलेले, अहोरात्र ताणलेले आणि घामेजल्या बोटांखाली उघडे असते, तिची काय कथा! पुतण्याच्या हौसेपायी आमच्या ओटीवर बारा तारांची एक विजेची गिटार येऊन राहिली आहे, आणि तिच्या तारा बदलण्याचा प्रसंग पुण्या-मुंबईच्या घरात येतो त्याहून पुष्कळच आधी येथे येतो.

ही तार पोलादाचीच का हवी, याचे उत्तर या वाद्याच्या मूळ तत्त्वातच आहे. साध्या गिटारीत तारेचे कंपन घोडीवाटे लाकडाच्या पोटात उतरते आणि तेथे नाद होतो. विजेच्या गिटारीत तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे बसवलेले असतात, वरची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडेने १८३१ साली जे सिद्ध केले तेच येथे कामाला लावलेले आहे. चुंबक-वेढ्यांच्या या जोडणीवर, म्हणजे पिकअपवर, नायलॉनची तार चढवली तर ती मुकी राहील. योगायोग असा, की या शास्त्राचे नेमके उलट टोक नागावपासून काही मैलांवर अलिबागेत नांदते आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरताच कुलाब्याच्या वेधशाळेतील पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडतील, हे ओळखून तेथील संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ साली अलिबागेत नवी वेधशाळा उभी करवली. तिच्या बांधकामातून लोखंड कटाक्षाने वगळण्यात आले, आणि नोंदींची परंपरा खंडित होऊ नये म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप घेण्याची तजवीज झाली. एका जागी लोखंडाला मज्जाव, आणि दुसऱ्या जागी लोखंडावाचून आवाजच नाही.

आता बारा तारांच्या मांडणीकडे वळू. या बारा तारा सहा जोड्यांत लावलेल्या असतात. वरच्या दोन जोड्यांतील तारा एकाच स्वरात, तर खालच्या चार जोड्यांत एक जाड तार मूळ स्वरात आणि तिची बारीक सोबतीण एक सप्तक वर. प्रचलित हलक्या संचात सर्वांत जाड तार ४६, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या ४६ पट, आणि सर्वांत बारीक अवघी ८, म्हणजे सुमारे ०.२ मिलिमीटर. ही आठची तार तिसऱ्या जोडीत असते, आणि गंमत अशी की संपूर्ण वाद्यात सर्वांत उंच स्वर तिचाच. पहिल्या जोडीचा स्वर सेकंदाला सुमारे ३३० कंपनांचा, तर हिचा ३९२ चा. तार तुटते तेव्हा दोष तिच्या बारीकपणाला दिला जातो, परंतु शास्त्र निराळे सांगते: ठरावीक लांबीची पोलादी तार तुटण्यापूर्वी किती उंच स्वरापर्यंत चढेल हे पोलादाच्या बळावर अवलंबून असते, जाडीवर नव्हे, कारण जाडी वाढली की बळ आणि वजन सारख्याच प्रमाणात वाढतात. म्हणून जाड तार लावून हा प्रश्न सुटत नाही. आठची तार आपल्या मर्यादेच्या अगदी सीमेवर उभी असते, आणि अशा तारेला गंजाचा एक ठिपका पुरतो.

जोडीची कल्पना या वाद्याबरोबर परदेशातून आली, असे मात्र कोणी समजू नये. तंबोऱ्याच्या चार तारांतील मधल्या दोघींना आपण जोडच म्हणतो. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातून एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांची जी कारागिरी वाढली, आणि जिच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या कारागिरीत जोड जुळवणे हा कानाच्या परीक्षेचा पहिला धडा. तेथील सतारीच्या तरफांची, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारांपैकी एखादी, तार बदलताना पाहावे: दांडीतल्या इवल्या छिद्रातून तार आत सोडायची, वाकवलेल्या तारेच्या आकड्याने तिचे टोक बाहेर ओढायचे आणि मग ते खुंटीत अडकवायचे! त्यापुढे गिटारीचे काम सरळ म्हटले पाहिजे. रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटाखालून जाताना लिस्बनच्या बारा तारांच्या, सहा जोड्यांच्या गिताराची आठवण होते. पण त्या वाद्याचे आजचे रूप अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, आणि रेवदंडा तर १७४० सालीच मराठ्यांच्या अमलाखाली आला, तेव्हा हा संबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा.

विजेच्या बारा तारांना जगभर नाव मिळाले ते १९६४ साली, जेव्हा रिकनबॅकर कंपनीची अशी गिटार न्यूयॉर्क मुक्कामी बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनच्या हाती आली. पुढच्याच वर्षी हा मनुष्य सतारीच्या नादी लागला. लंडनमध्ये ध्वनिमुद्रण चालू असता सतारीची तार तुटली, आणि ती मिळवण्यासाठी एशियन म्युझिक सर्कलच्या अयन अंगडी यांच्याकडे विचारणा करावी लागली. १९६८ च्या जानेवारीत तो मुंबईच्या एच. एम. व्ही. स्टुडिओत आपल्याकडील वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करून गेला. जगप्रसिद्ध वादकालाही तारेसाठी दारोदार चौकशी करावी लागते, हे आम्हा नागावकरांना दिलासा देणारे आहे.

जोडीमुळेच ही गिटार जुनी तार खपवून घेत नाही. सहा तारांच्या वाद्यात तार म्हातारी झाली तर आवाज मंद होतो, एवढेच. गंजाने व मळाने तारेचे वजन कोठे कमी, कोठे अधिक झाले, की ती खाली सुरात लागते आणि वरच्या पडद्यांवर ढळते. जोडीत साक्षीदार शेजारीच बसलेला असल्यामुळे ही लबाडी तत्काळ उघडी पडते. एकीची २२० आणि दुसरीची २२१ कंपने झाली, तर दर सेकंदाला एक हेलकावा कानाला स्पष्ट जाणवतो. त्यामुळे जोडीतील एकच तुटली तरी दोन्ही बदलाव्यात, असे माझे मत. अपवाद फक्त आठच्या तारेचा, कारण ती इतक्या वेळा तुटते की दर खेपेस तिच्या जाड सोबतिणीचा बळी देणे परवडत नाही.

प्रत्यक्ष कामात पहिला नियम असा, की सर्व तारा एकदम उतरवू नयेत. बारा तारांचा एकत्रित ताण नव्वद ते शंभर किलोच्या घरात, म्हणजे सहा तारांच्या दुप्पट असतो. तो एकाएकी नाहीसा झाला की मान मागे झुकते, आणि घोडी नुसती ताणावर टेकलेली असेल तर जागा सोडते. एकेक जोडी उतरवावी, तिथला पट्टा कोरड्या फडक्याने पुसावा, नवी जोडी चढवावी आणि मग पुढच्या जोडीकडे वळावे. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, घोडीच्या जागेच्या खुणा कागदी पट्टीने करून सगळे वाद्य मोकळे करावे, कारण या हवेत पडद्यांच्या कडांशी साठलेला हिरवट मळ त्याशिवाय निघत नाही.

गुंडाळीच्या जाड तारेचे टोक कापण्याआधी तिला खुंटीपाशी काटकोनात मोडून घ्यावे. तसे न केल्यास आतला गाभा आणि वरची गुंडाळी यांची फारकत होते आणि तार कायमची बद्द वाजते. जाड तारेला खुंटीवर दोन-तीन वेढे पुरतात, बारकीला चार-पाच लागतात, आणि प्रत्येक वेढा आधीच्या खाली शिस्तीत बसला पाहिजे. मानेच्या टोकाच्या खाचेत पेन्सिलीचे शिसे चोळले की तार न अडखळता सरकते. चढवलेली तार बोटाने हलकेच वर उचलून ताणून घ्यावी, म्हणजे ती पुढे उतरत नाही. आठच्या तारेवर मात्र हा प्रयोग करू नये, तिला सावकाश, थांबत थांबत वर न्यावे.

जुळवताना आधी सहा मूळ तारा लावून घ्याव्यात, मग एकेका तारेची सोबतीण. एक लावताना दुसरीवर बोट ठेवून तिला गप्प करावे लागते, नाहीतर स्वर मोजणाऱ्या यंत्राचा काटा आणि माणसाचा कान दोघेही चकतात. पुष्कळ गिटारींत घोडीवर दोन तारांना मिळून एकच बैठक असते. जाड व बारीक तारेला लांबीची दुरुस्ती वेगवेगळी हवी असल्यामुळे तेथे तडजोड अटळ ठरते. फेंडर कंपनीने १९६५ च्या आपल्या गिटारीत बारा तारांना बारा स्वतंत्र बैठका दिल्या होत्या, आणि हा शहाणपणा सर्वांनीच उचलायला हवा होता. तथापि यंत्राने निर्दोष ठरवलेली जोडी कधीकधी निर्जीव वाटते. दोन्ही तारा एकजीव होऊन एकच वाजल्याचा भास झाला, तर दुसरी तार लावलीच कशाला? तंबोरा लावणारा बुजुर्ग शेवटी खुंटी सोडून मण्याशी खेळत बसतो तो याच फरकासाठी.

उतरवलेल्या तारांचा बंदोबस्त त्याच वेळी केला पाहिजे. वाडीत माणसे अनवाणी वावरतात, गुरे चरतात. आठच्या तारेचा तुकडा पाचोळ्यात पडला तर डोळ्यांना दिसत नाही. तुकडे डब्यात भरून भंगारवाल्याकडे द्यावेत. नव्या संचाचे पाकीट तारा चढवण्याच्या दिवशीच फोडावे, कारण फोडून ठेवलेली तार येथे वाजवल्यावाचूनही गंजते. संचात आठची तार एकच येते. सहा तारांच्या अतिहलक्या संचातील पहिली तार त्याच मापाची असल्याने तिच्या जागी चालते. अशा चार सुट्या तारा धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांतून मे महिन्यातच आणून ठेवाव्यात, कारण पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचा बंद असतात आणि तार तुटते ती बहुधा त्याच दिवसांत.