अर्धा युनिट म्हणजे एक बादली

नाशिककरांच्या अंघोळीला कोळसा लागतो. चूल आणि बंब घरातून गेले, एवढाच काय तो फरक. जाळ आता एकलहऱ्यात पेटतो. तिथल्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत आणि कोळशातून एक युनिट वीज काढायला साधारण पाऊण किलो कोळसा जातो. धरणांची, सौर आणि पवनचक्क्यांची वीज धरून देशाची सरासरी काढली, तर एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा एक आकडा पाठ करा, घरातल्या प्रत्येक बटणाचं वजन करता येईल.

बादली विरुद्ध मोबाइल

२० लिटरची बादली हिवाळ्यातल्या १८ अंशांवरून अंघोळीच्या ४० अंशांवर न्यायची, तर अर्धा युनिट वीज लागते. तेवढ्याच विजेत मोबाइल वीसेक वेळा शून्यापासून पूर्ण भरतो. म्हणजे मुलांच्या मागे ‘चार्जर काढ, चार्जर काढ’ म्हणून लागण्यापेक्षा गिझरकडे बघायला हवं. चार माणसांच्या घरात रोज दोन युनिट, थंडीच्या चार महिन्यांत २४० युनिट आणि जवळपास १७० किलो कार्बन डायऑक्साइड. तोही फक्त अंघोळीचा!

निफाडची थंडी द्राक्षबागायतदारांना पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला लावते, पण त्याच दिवसांत आपल्याकडे आभाळ निरभ्र असतं. गच्चीवरच्या सोलर बंबाला हवं असतं ते ऊन. थंडी आड येत नाही. नाशिकसारख्या गावात गच्ची रिकामी ठेवून गिझर लावणं मला तरी पटत नाही. सोलर नसेल तर निदान गिझर अंघोळीच्या जरा आधी लावा आणि लगेच बंद करा. दिवसभर चालू राहिलेला गिझर निवलेलं पाणी पुन्हा पुन्हा तापवत बसतो.

जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसेक. बारा तास फिरला की दिवसाला अर्धा युनिट वाचतो. एक पंखा बदलला की एक बादली फुकट! एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेब आहे.

१४ किलोचे ४२ किलो

गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. तो जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तिप्पट कसा? गॅसमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि वजन वाढतं. पेट्रोलचंही तेच: एका लिटरमागे सव्वादोन किलोंहून जास्त. नाशिकरोडहून सीबीएसला स्कूटरवर जाऊन-येऊन साधारण एक किलो. जुलै २०२१ पासून सिटीलिंकच्या बस धावताहेत. रोजची एक फेरी जरी तिकडे वळवली तरी फरक पडतो.

मिसळीची मटकी, उसळीचा हरभरा रात्री भिजत घातला की शिजायला कितीतरी कमी वेळ लागतो. कुकरची पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा. आतलं पाणी तेव्हा १२० अंशांच्या आसपास असतं, शिजायला तेवढं पुरतं. पुढची प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर गेलेला गॅस.

विजेविना शीतगृह

नाशिक जिल्ह्याची सगळ्यात हुशार साठवण म्हणजे कांदाचाळ. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच तळ, खालून वारा, बाजूंनी फटी आणि वर छप्पर. मार्च-एप्रिलमध्ये काढलेला उन्हाळ कांदा त्यात दिवाळीच्या आसपासपर्यंत टिकतो, विजेचा एक युनिट न जाळता. घरीही हेच करा: कांदे-बटाटे फ्रिजबाहेर, वारा लागेल अशा टोपलीत, पण दोन्ही वेगवेगळे. एकत्र ठेवले की लवकर खराब होतात. भाजी बुधवारी गंगेवरच्या बाजारातून आणा. दिंडोरी-निफाडच्या मळ्यातून आलेल्या मेथीला शीतगृहाची गरज पडत नाही.

घंटागाडीत काय टाकता?

नाशिकची घंटागाडी राज्यात गाजली. महापालिकेने जर्मनीच्या मदतीने विल्होळीत हॉटेलांचं खरकटं आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र कुजवून बायोगॅस आणि त्यातून वीज करणारा प्रकल्पही उभारला. असं करण्याचं कारण मोठं आहे: हवा न मिळता कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट तापवतो. बाल्कनीत भोकं पाडलेला डबा ठेवा. तळाशी वाळकी पानं, वर भाजीची देठं, मग पुन्हा पानं. आठवड्यातून दोनदा खालीवर करा, म्हणजे हवा खेळते आणि वासही येत नाही. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसाळी मातीच्या वासाचं खत हातात येतं.

आता गच्चीचं बोलू. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती सौर पॅनेलला दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार रुपये आणि तीन किलोवॅट किंवा जास्तीला एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी किलोवॅटमागे १८ हजार मिळतात. हे अनेक सोसायट्यांना माहीतच नसतं. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय तुम्हीच घाला, आणि सभेला हजर राहा.