साथीचे दिवस आणि विद्यापीठांची मैदाने

गावात साथ शिरली म्हणजे सर्वांत आधी जत्रा बंद होते, मग आठवड्याचा बाजार उठतो, शाळेला कुलूप लागते आणि शेवटी देवळाचे व चर्चचे दारही अर्धे लोटले जाते. हा क्रम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे व त्याविषयी फारसा वाद होत नाही. २०२० साली कोविडची साथ जगभर पसरली, तेव्हा अमेरिकेत मात्र ह्या क्रमाला एक चमत्कारिक अपवाद घडला. तेथील कित्येक विद्यापीठांत वर्ग बंद झाले, वसतिगृहे रिकामी करण्यात आली, ग्रंथालयांत शुकशुकाट झाला. आणि त्याच आवारातील क्रीडांगणावर विद्यार्थी एकमेकांच्या अंगावर धडका देत खेळत राहिले. विद्यार्थ्याने वर्गात बसणे धोक्याचे आहे, पण मैदानात खेळणे धोक्याचे नाही, असा निर्णय एखादे विद्यापीठ कसे घेऊ शकते, हा प्रश्न त्या वर्षी अमेरिकेत घरोघर वादाचा विषय झाला होता.

त्याचे उत्तर समजण्यासाठी तेथील महाविद्यालयीन खेळाचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना म्हणजे दोन-चारशे विद्यार्थी, काही प्राध्यापक आणि चहाची एक किटली. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडागारात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. तेथील फुटबॉल हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू हातात घेऊन धावावयाचे असते व प्रतिपक्षाने धावणाऱ्याला अंगाला भिडून खाली पाडावयाचे असते. प्रत्येक डावाच्या आरंभी दोन्ही बाजूंचे धिप्पाड खेळाडू समोरासमोर, श्वासाला श्वास लागेल इतक्या जवळ, ओणवे बसलेले असतात. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला ह्याहून सोयीचा खेळ शोधून सापडणे कठीण.

ह्या खेळाच्या प्रक्षेपणाचे हक्क दूरचित्रवाणी कंपन्या प्रचंड रकमांना विकत घेतात, आणि त्या उत्पन्नावर पोहणे, कुस्ती, टेनिस असे इतर कितीतरी खेळ पोसले जातात. अलाबामा विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला त्या काळी वर्षाला नव्वद लाख डॉलरच्या आसपास मिळत. खेळणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र शिक्षणाची फी, राहणे व जेवण भागेल एवढी शिष्यवृत्ती मिळे. खेळाबद्दल वेतन घेण्यास त्याला नियमानेच मनाई होती. २०२० च्या वादाचे मूळ ह्या विषमतेत आहे. धोका कोणी पत्करावयाचा व लाभ कोणी घ्यावयाचा, ह्याची विभागणी साथ येण्यापूर्वीच होऊन गेली होती.

महाविद्यालयीन खेळ आणि साथ ह्यांची गाठ पडण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाने जगभर हाहाकार उडविला. हिंदुस्थानात तो मुंबई बंदरातून शिरला आणि देशभरात एक कोटीहून अधिक माणसे त्याने नेली. अमेरिकेत त्या वर्षी महायुद्ध व रोग ह्या दोहोंमुळे कित्येक सामने रद्द झाले, तरी खेळ अजिबात थांबला नाही. जॉर्जिया टेकच्या मैदानावर तोंडाला फडकी बांधून बसलेल्या प्रेक्षकांचे त्या वर्षीचे छायाचित्र २०२० मध्ये पुन्हा अनेक वृत्तपत्रांनी छापले. मिशिगन व ओहायो स्टेट ह्या दोन हाडवैरी विद्यापीठांतील वार्षिक सामना त्याच १९१८ सालापासून अखंड चालू होता. त्या अखंडतेला खंड पडला तो २०२० साली, म्हणजे दुसऱ्या महामारीच्या वर्षी.

साथीच्या प्रारंभी सावधगिरी दाखविली ती आयव्ही लीगने. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ जुन्या विद्यापीठांच्या ह्या गटाने १० मार्च २०२० रोजी आपली बास्केटबॉल स्पर्धा रद्द केली, तेव्हा हे भित्रेपण आहे असे म्हणणारे पुष्कळ निघाले. दोनच दिवसांनी महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संस्था एन. सी. ए. ए. हिने सबंध देशाची अंतिम स्पर्धा रद्द केली, आणि ते आवाज आपोआप बंद झाले. परंतु त्या एका निर्णयाची किंमत मोठी होती. विद्यापीठांना त्या वर्षी साठ कोटी डॉलर वाटावयाचे ठरले होते. प्रत्यक्षात साडेबावीस कोटी वाटले गेले. उन्हाळ्यात स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठानेही अकरा खेळ कायमचे बंद करण्याची घोषणा केली. (पुढे माजी खेळाडूंच्या दडपणामुळे मे २०२१ मध्ये ती मागे घेण्यात आली.) म्हणजे मैदान बंद ठेवण्याचे दुष्परिणाम काल्पनिक नव्हते. ज्या खेळांना प्रेक्षक नाहीत अशा खेळांतील मुलामुलींवर ते प्रथम कोसळत होते. खेळ चालू ठेवावा असे म्हणणारे सगळेच पैशाचे लोभी होते, असे समजणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

ऑगस्टात खरी कसोटी लागली. फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत हंगाम भरवावा की नाही, हे राष्ट्रीय संस्था ठरवीत नाही. प्रत्येक ‘कॉन्फरन्स’, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, आपल्यापुरते ठरवितो. त्यामुळे एकाच देशात, एकाच रोगाविषयी, एकाच आठवड्यात परस्परविरुद्ध निर्णय झाले. ११ ऑगस्ट रोजी ‘बिग टेन’ ह्या गटाने (नाव दहांचे असले तरी त्या वेळी सभासद चौदा होते) शरद ऋतूचा हंगाम पुढे ढकलला. पश्चिम किनाऱ्यावरील ‘पॅक-१२’ गटाने त्याच दिवशी तसेच केले. दक्षिणेकडील तीन मोठ्या गटांनी खेळण्याचे ठरविले. बिग टेनच्या अध्यक्षांचे मतदान अकरा विरुद्ध तीन असे झाले होते, ही गोष्ट पुढे नेब्रास्काच्या आठ खेळाडूंनी गटावर खटला भरला तेव्हा कागदोपत्री बाहेर आली. आपला हंगाम कोणी व कशाच्या आधारावर रद्द केला, हे विद्यार्थ्याला कळण्यासाठी न्यायालयात जावे लागले, ह्याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

निर्णयाच्या मुळाशी असलेली वैद्यकीय चिंता हृदयाची होती. कोणत्याही विषाणूच्या आजारानंतर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. वैद्यकात तिला मायोकार्डायटिस म्हणतात. बसून राहणाऱ्या माणसात ती बहुधा आपोआप ओसरते. पण सुजलेल्या हृदयावर कठोर व्यायामाचा ताण पडला तर त्याची लय बिघडून तरुण, धडधाकट खेळाडूही मैदानावर अकस्मात कोसळू शकतो. ओहायो स्टेटच्या डॉक्टरांनी कोविड होऊन गेलेल्या २६ खेळाडूंच्या हृदयाचे एम. आर. आय. चित्रण केले. त्यांपैकी चौघांत अशा सुजेची चिन्हे आढळली. ही माहिती सप्टेंबरात प्रसिद्ध झाली, आणि पालकांच्या उरात धडकी भरली. चौघे हा आकडा लहान, पण सव्वीसांत चार हे प्रमाण भयंकर. तथापि सव्वीस जणांवरून हजारोंविषयी अनुमान काढणे शास्त्राला मान्य नाही, हेही तितकेच खरे होते.

ह्या सगळ्या गदारोळात खेळाडूंचे स्वतःचे म्हणणे काय होते? ते एकमुखी नव्हते. ऑगस्टच्या आरंभी पॅक-१२ च्या खेळाडूंनी एक जाहीरनामा काढून बजावले की संरक्षणाची हमी मिळाल्यावाचून आम्ही खेळणार नाही. शिवाय खेळाच्या उत्पन्नात निम्मा वाटा आणि खेळणे संपल्यानंतर सहा वर्षांपर्यंत वैद्यकीय विमा ह्या त्यांच्या मागण्या होत्या. आठवड्याभराने क्लेमसनचा ट्रेव्हर लॉरेन्स आणि इतर नामवंत खेळाडूंनी ‘आम्हांला खेळू द्या’ अशी हाक दिली. लॉरेन्सचे म्हणणे असे, की घरी परत पाठविल्यास कित्येक मुले अधिक धोक्यात सापडतील. संघात निदान डॉक्टर आहेत, चाचणी आहे, शिस्त आहे. दोन्ही बाजू वरवर विरुद्ध दिसतात, पण त्यांच्यात एक समान धागा होता: आमच्या देहाविषयीचे निर्णय आम्हांला विचारून घ्या. काही विद्यापीठांनी तर मुलांकडून, आजारी पडल्यास विद्यापीठ जबाबदार नाही, असे लिहून घेण्यास आरंभ केला होता. त्या प्रकाराला एन. सी. ए. ए. ने ५ ऑगस्ट रोजी मनाई केली, ही त्या काळातील मोजक्या स्वच्छ निर्णयांपैकी एक गोष्ट होय.

त्याच महिन्यात नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा प्रसंग घडला. चॅपेल हिल येथे वर्ग सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच वसतिगृहांत रोग पसरला आणि १७ ऑगस्ट रोजी पदवी वर्गांचे शिक्षण संगणकाच्या पडद्यावर नेण्यात आले. फुटबॉलचा संघ मात्र आवारातच राहिला आणि १२ सप्टेंबर रोजी त्याने पहिला सामना खेळला. खेळाडू हा आधी विद्यार्थी आहे, म्हणून त्याला वेतन देता येत नाही, असे ह्याच संस्था दशकानुदशके सांगत आल्या होत्या. इतर विद्यार्थी घरी गेल्यावर जो मागे ठेवला जातो, त्याला नोकर म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?

१६ सप्टेंबर रोजी बिग टेनने आपला निर्णय फिरविला. ह्या वेळी मत एकमुखी होते. आठवड्याभराने पॅक-१२ नेही तेच केले. पाच आठवड्यांत काय बदलले होते? एक गोष्ट निश्चित बदलली होती, ती म्हणजे चाचणी. नाकातील स्रावावरून काही मिनिटांत उत्तर देणारी जलद चाचणी आता रोज, प्रत्येक खेळाडूची करणे शक्य झाले. रोग सापडल्यास किमान २१ दिवस सामन्यात खेळावयाचे नाही व हृदयाची तपासणी झाल्यावाचून परतावयाचे नाही, असे नियम ठरले. ऑगस्टात जे अंधारात होते, त्यावर सप्टेंबरात थोडा उजेड पडला होता, हे मान्य केले पाहिजे. पण ह्याच काळात दक्षिणेकडील संघ मैदानात उतरू लागले होते, पालक निदर्शने करीत होते, आणि निवडणुकीचे वर्ष असल्याने खुद्द राष्ट्राध्यक्षांनी गटाच्या आयुक्तांना दूरध्वनी केला होता. रोज चाचणी करण्याचे हे साधन त्याच गावातील शाळाशिक्षकाला किंवा दुकानातील मुलीला उपलब्ध नव्हते, ही गोष्ट बोचणारी आहे.

हंगाम झाला, पण कसा? शंभराहून अधिक सामने रद्द झाले किंवा पुढे गेले. ओहायो स्टेटचे तीन सामने बुडाले. त्यांपैकी एक तिच्याच संघात रोग शिरल्यामुळे आणि एक मिशिगनविरुद्धचा. अंतिम लढतीसाठी किमान सहा सामने खेळलेले असावेत असा गटाचा स्वतःचाच नियम होता. ओहायो स्टेटचे पाचच झाले होते, तेव्हा गटाने नियमच काढून टाकला. ७ नोव्हेंबरला नोत्र दाम ह्या कॅथलिक विद्यापीठाने क्लेमसनला ४७–४० असे हरविले. लॉरेन्स त्या दिवशी कोविडमुळेच खेळू शकला नव्हता. विजय होताच हजारो विद्यार्थी कठडे ओलांडून मैदानात घुसले. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर जेन्किन्स ह्यांनी विद्यार्थ्यांना कडक शब्दांत पत्र लिहिले. पण स्वतः फादर सप्टेंबरात राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी तोंडावर आवरण न घालता समारंभाला गेले होते व नंतर त्यांनाच रोग झाला होता, हे विद्यार्थी विसरले नव्हते. वडीलधाऱ्यांनी घालून दिलेला धडा मुले अचूक गिरवितात.

कॅलिफोर्नियात प्रेक्षकांना परवानगी मिळेना, म्हणून पॅसाडीना येथील जगप्रसिद्ध ‘रोझ बोल’ सामना १ जानेवारी २०२१ रोजी टेक्ससमध्ये भरवावा लागला. ११ जानेवारीला अलाबामाने ओहायो स्टेटला ५२–२४ असे हरवून विजेतेपद मिळविले.

हृदयाच्या प्रश्नाचे उत्तर मे २०२१ मध्ये आले. बिग टेनच्याच विद्यापीठांनी रोग होऊन गेलेल्या १,५९७ खेळाडूंची तपासणी केली, तेव्हा ३७ जणांत हृदयस्नायूची सूज आढळली. म्हणजे शेकडा सव्वादोनच्या आसपास. सव्वीसांत चार हे प्रमाण बरेच फुगलेले होते, असे ठरले. पण त्या सदतिसांपैकी केवळ नऊ जणांना काही त्रास जाणवत होता. उरलेले अठ्ठावीस जण स्वतःला ठणठणीत समजत होते; चित्रण झाले नसते तर कोणालाही काही कळले नसते. ऑगस्टातील भीती अतिरंजित होती असे म्हणणाऱ्यांनी आणि ती रास्त होती असे म्हणणाऱ्यांनी हा एकच अहवाल आपापल्या बाजूने वाचला.

आपल्याकडेही ह्याच गोष्टीचे प्रतिबिंब दिसले. इंडियन सुपर लीग ही व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा नोव्हेंबर २०२० पासून मार्च २०२१ पर्यंत सबंध गोव्यात, फातोर्डा, बांबोळी व वास्को येथील रिकाम्या क्रीडागारांत पार पडली. क्रिकेटमध्ये आय. पी. एल. अरबस्तानात नेऊन भरविण्यात आली. रणजी करंडकाची स्पर्धा मात्र १९३४ साली सुरू झाल्यापासून प्रथमच २०२०–२१ च्या हंगामात झाली नाही. विद्यापीठांची ‘खेलो इंडिया’ स्पर्धा २०२० च्या आरंभी भुवनेश्वरला झाली, ती पुन्हा भरली २०२२ मध्ये बंगळूरला. ज्या खेळामागे प्रक्षेपणाचा पैसा होता तो वाट काढीत गेला. ज्यामागे तो नव्हता तो थांबला.

मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतील बास्केटबॉलची अंतिम स्पर्धा एकट्या इंडियाना राज्यात, ६८ संघांना बाहेरच्या जगापासून वेगळे ठेवून भरविण्यात आली. एवढ्या बंदोबस्तातही व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या संघात रोग निघाला आणि पहिल्या सामन्याच्या काही तास आधी त्या मुलांना माघारी फिरावे लागले. त्याच वेळी सॅन अँटोनिओ येथे स्त्रियांची स्पर्धा चालू होती. पुरुषांना व्यायामासाठी भरगच्च दालन, तर स्त्रियांना वजनांची एकच मांडणी. पुरुषांसाठी अधिक अचूक चाचणी, स्त्रियांसाठी जलद व स्वस्त. ऑरेगनच्या एका खेळाडू मुलीने ती मांडणी चित्रित करून जगाला दाखविली, तेव्हा रातोरात नवे साहित्य येऊन पडले.

पुढे लस आली आणि त्या शरदात क्रीडागारे पुन्हा फुलली. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणासंबंधीच्या लाभांवरील एन. सी. ए. ए. ची बंधने एकमताने बेकायदा ठरविली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एका तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना उत्पन्नातील वाटा थेट देऊ लागली, व २०१६ पासूनच्या खेळाडूंना भरपाईही ठरली; तीत २०२० साली मैदानात उतरलेली मुलेही आली. वैद्यकीय विम्याची मागणी त्यांनी सहा वर्षांची केली होती. खेळात झालेल्या दुखापतींपुरते, खेळणे सोडल्यानंतर दोन वर्षांचे संरक्षण वरच्या श्रेणीतील विद्यापीठांवर बंधनकारक झाले, ते ऑगस्ट २०२४ पासून.