मुलकी, गैरमुलकी आणि आमच्या घरचं एक प्रतिज्ञापत्र

जुलै २०२४ मधली गोष्ट. ढाक्याच्या बातम्या टीव्हीवर चालू होत्या. विद्यापीठातली मुलं रात्री रस्त्यावर येऊन घोषणा देत होती आणि त्या घोषणांत एक शब्द पुन्हापुन्हा येत होता, 'रजाकार'. नव्वदीला टेकलेले आमचे वडील झोपाळ्यावर डोळे मिटून बसले होते. तो शब्द कानावर पडताच ताठ झाले आणि म्हणाले, "कुठे? कुठे आले?"

हैदराबाद-मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगायला नको. लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीची ती फौज १९४८ च्या सप्टेंबरात संपली, तरी शब्द काही संपला नाही. ढाक्यातला रजाकार मात्र वेगळा. मूळ शब्द एकच आणि अर्थही एकच, स्वयंसेवक. १९७१ साली पूर्व पाकिस्तानात लष्कराच्या मदतीला उभ्या केलेल्या दलाला हेच नाव दिलं गेलं आणि तिथेही ती शिवी होऊन बसली. १४ जुलैला पंतप्रधान शेख हसीना पत्रकार परिषदेत बोलल्या त्याचा मतलब असा, की स्वातंत्र्यसैनिकांच्या नातवंडांना नोकऱ्या द्यायच्या नाहीत तर काय रजाकारांच्या नातवंडांना द्यायच्या? मुलांनी ती शिवीच उचलली आणि त्याच रात्री घोषणा म्हणून परत फेकली.

भांडण होतं सरकारी नौकऱ्यांचं. बांगलादेशात १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांसाठी ३० टक्के जागा राखीव होत्या. पुढे त्या त्यांच्या मुलांना आणि मग नातवंडांनाही लागू झाल्या. स्त्रिया १०, मागास जिल्हे १०, आदिवासी ५ आणि अपंग १ धरून एकूण ५६ टक्के. २०१८ च्या आंदोलनानंतर सरकारने वरच्या दोन श्रेणींतलं आरक्षण काढून टाकलं होतं. ५ जून २०२४ ला तिथल्या उच्च न्यायालयाने ते काढणं बेकायदा ठरवलं आणि मुलं पुन्हा रस्त्यावर आली. १६ जुलैला रंगपूरला अबू सईद हा विद्यार्थी हात पसरून पोलिसांसमोर उभा असताना मारला गेला. १८ ला इंटरनेट बंद झालं. मी रोज ढाक्याच्या दैनिकांची संकेतस्थळं बघत होतो, ती जागच्या जागी गोठली. २१ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ९३ टक्के जागा गुणवत्तेवर आणि ५ टक्के स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलांना असा निकाल दिला, पण तोवर फार रक्त सांडलं होतं. ५ ऑगस्टला हसीना देश सोडून भारतात आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या पुढच्या अहवालात मृतांचा अंदाज १४०० पर्यंत जातो.

त्या दिवसांत आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांनी मंडल आयोगाच्या वेळची उदाहरणं काढली. मला मात्र आपल्याच गावातली, त्याहून जुनी आणि जवळची गोष्ट आठवत होती. १९५२ चं मुलकी आंदोलन. नव्या पिढीतल्या अनेकांना 'मुलकी' म्हणजे मुलकी खातं, म्हणजे रेव्हेन्यू, इतकंच माहीत असतं. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

मुल्क म्हणजे देश. मुलकी म्हणजे देशातला, आणि गैरमुलकी म्हणजे बाहेरचा. निजामाच्या दरबारात उत्तर हिंदुस्थानातून शिकलेसवरलेले अधिकारी आणायची पद्धत पहिल्या सालारजंगांच्या काळापासून होती आणि 'आमच्या जागा बाहेरचे खातात' ही तक्रारही तेव्हापासूनचीच. पुढे १९१९ च्या फरमानाने मुलकी नियम पक्के झाले. सरकारी नौकरी मुलकी माणसालाच. मुलकी कोण? जो जन्माने रियासतीचा प्रजाजन आहे तो. ज्याच्या जन्माच्या वेळी बाप पंधरा वर्षं सरकारी सेवेत झालेला आहे तो. मुलकी माणसाची बायको. आणि चौथा प्रकार, ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला: जो किमान १५ वर्षं रियासतीत कायम राहिला आहे, ज्याने आपल्या पहिल्या ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडून दिला आहे, आणि तसं प्रतिज्ञापत्र ज्याने मॅजिस्ट्रेटसमोर करून दिलं आहे.

आमच्या ट्रंकेत असा एक कागद आहे. १३३६ फसलीचा, म्हणजे इ.स. १९२६-२७ चा. मजकूर उर्दूत, खाली सही मोडीत. आजोबा वाईकडचे. आठ वर्षांचे असताना चुलत्याबरोबर हैदराबादला आले, गौळीगुड्यात वाढले, विवेकवर्धिनीत शिकले. चोविसाव्या वर्षी हिशेब खात्यात कारकुनाची जागा मिळायची होती, तिच्यासाठी हे लिहून दिलं. मला उर्दू वाचता येत नाही. एका स्नेह्यांनी वाचून दाखवलं. 'वतन वापस जाण्याचा इरादा तर्क केला' अशा अर्थाचं ते वाक्य ऐकलं आणि वाईचा वाडा आमच्या वाट्याला का आला नाही हे एकदम कळलं. आजोबांनी हिस्सा कधी मागितलाच नाही. घरात सगळे त्याला त्यांचा मोठेपणा समजत आले. मला आता वाटतं, ते घाबरले होते. वाटणीसाठी वाईला गेलो आणि कुणी इकडे कागद दाखवला तर? हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

आता १९५२. पोलीस ॲक्शननंतर रियासतीचा कारभार आधी लष्करी गव्हर्नरकडे, मग वेल्लोडी यांच्याकडे गेला. कारभारासाठी मद्रास, मध्य प्रांत आणि मुंबई इलाक्यातून अधिकारी आणि कारकून आणले गेले. दफ्तराची भाषा उर्दूची इंग्रजी झाली. हा घाव किती खोल होता ते समजून घेतलं पाहिजे. उस्मानिया विद्यापीठात १९१९ पासून पार विज्ञानापर्यंत शिक्षण उर्दूतून. तिथून पदवी घेतलेला वरंगळचा, नांदेडचा, गुलबर्ग्याचा पोरगा एका रात्रीत 'इंग्रजी कच्चं' म्हणून मागे पडला. ज्या जागेवर त्याचा डोळा होता तिथे मद्रासकडचा इंग्रजी लिहिणारा माणूस येऊन बसला. मुलकी नियम कागदावर होतेच, पण खोटी मुलकी सर्टिफिकेटं सर्रास मिळतात असा विद्यार्थ्यांचा मुख्य आरोप होता. (खोट्या सर्टिफिकेटांची तक्रार बांगलादेशातही होतीच, तिथे स्वातंत्र्यसैनिक असल्याच्या. कागदावर रोटी अवलंबून असली की कागद विकत मिळायला लागतो.)

१९५२ च्या मार्चमध्ये निवडून आलेलं पहिलं सरकार बसलं. मुख्यमंत्री बुर्गुला रामकृष्णराव. हे पुण्याच्या फर्ग्युसनचे विद्यार्थी, म्हणजे आपल्या मंडळींना अगदीच परके नव्हेत. पावसाळ्यात वरंगळला शिक्षकांच्या नेमणुकांवरून मुलांनी संप सुरू केला आणि तो जिल्ह्याजिल्ह्यांतून राजधानीत आला. 'गैरमुलकी गो बॅक' ही घोषणा, आणि दुसरी, जी अजून जुन्या माणसांच्या तोंडात आहे, 'इडली-सांबार गो बॅक'.

३ सप्टेंबरला सिटी कॉलेजपाशी पोलिसांनी गोळी चालवली. दुसऱ्या दिवशी लोक चिडून अफझलगंज, पत्थरगट्टीच्या भागात उतरले, तिथे पुन्हा गोळीबार झाला. विद्यार्थी गेले, रस्त्यावरची साधी माणसं गेली. संचारबंदी लागली. न्यायमूर्ती पिंगळी जगनमोहन रेड्डी यांची चौकशी समिती नेमली गेली. त्याच वर्षी २१ फेब्रुवारीला ढाक्यात मेडिकल कॉलेजपाशी बंगाली भाषेसाठी निघालेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला होता. तिथली मुलं उर्दू लादली म्हणून रस्त्यावर आलेली, आणि आमच्याकडच्या मुलांच्या रागाला उर्दू गेल्याचीही एक किनार.

वडील तेव्हा सतरा वर्षांचे, इंटरला. जन्माने पक्के मुलकी. मिरवणुकीत होते, घोषणाही दिल्या. ४ तारखेला नया पूलवरून धावत, एक चप्पल टाकून, संध्याकाळी घरी पोचले तर ओसरीवर त्यांचे मामा बसलेले. आजीचा हा धाकटा भाऊ १९४९ ला पुण्याहून इकडे कारकून म्हणून आला होता. शुद्ध गैरमुलकी. आजी स्वतः लग्नामुळे मुलकी, तिचा सख्खा भाऊ गैरमुलकी. संचारबंदीमुळे मामांना खोलीवर जाता येईना, म्हणून तीन रात्री ते आमच्याकडेच होते. "गो बॅक म्हणून ओरडून आलास ना, आता वाढ त्याला," असं आजी वडिलांना म्हणाल्याचं आत्या सांगायची. वडील म्हणतात, असं काही झालं नाही, मामांनीच चप्पल विचारली आणि दुसऱ्या दिवशी आपली जुनी दिली. दोघांपैकी कुणाचं खरं मानावं ते मी ठरवलेलं नाही.

इथे एक फरक नीट सांगायला हवा, नाहीतर तुलना फसवी होईल. ढाक्याची मुलं राखीव जागांच्या विरुद्ध होती. आमची मुलं राखीव जागा पाळा म्हणून मरायला निघाली. एकाच मैदानाच्या दोन बाजू. पण दोन्हीकडे खरा प्रश्न 'किती टक्के' हा नव्हता. इथलं कोण आणि कुणाच्या पुण्याईवर, हा होता. बांगलादेशात आजोबांनी बंदूक उचलली होती की नाही यावर नातवाचा अर्ज अडत होता. आमच्याकडे आजोबांनी गाव सोडल्याचं लिहून दिलं होतं की नाही यावर.

पुढचा इतिहास थोडक्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, त्यांच्याबरोबर आपल्यातली कितीतरी नौकरदार कुटुंबंही गेली. सुलतान बाजार, काचीगुड्यातली घरं अर्धी रिकामी झाली. इथे राहिलेल्यांसाठी मुलकीचा वाद तेलंगणाचा वाद बनला. १९६९ चं आंदोलन पुन्हा विद्यार्थ्यांचं आणि पुन्हा नौकऱ्यांवरूनच. १९७२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने मुलकी नियम वैध ठरवले, तर आंध्र भागात उलटं आंदोलन पेटलं. शेवटी १९७३ ला सहा कलमी तोडगा निघाला, मुलकी नियम रद्द झाले आणि घटनेत ३७१-डी हे कलम आलं. त्यातला 'लोकल कँडिडेट' हा मुलकीचाच नातू म्हणायला हरकत नाही. माझ्या मुलीने इथे अर्ज भरताना चौथीपासूनचे शाळेचे दाखले गोळा केले तेव्हा वडील नुसते हसले होते.

ढाक्याच्या बातम्या ते ऑगस्टपर्यंत रोज बघत राहिले. नावं लक्षात राहत नव्हती, पण "त्या हात पसरलेल्या पोराचं काय झालं?" हे तीनचारदा विचारलं. मी प्रत्येक वेळी सांगितलं.

वाचकांना एक विनंती. आपल्या घरी मुलकी सर्टिफिकेट किंवा असं प्रतिज्ञापत्र असेल तर त्याचा दोन्ही बाजूंचा फोटो मंडळाकडे पाठवा. मागची बाजू विसरू नका, मॅजिस्ट्रेटचा शिक्का आणि तारीख बरेचदा तिथेच असते. फसली साल असेल तर ५९० मिळवा, म्हणजे इसवी सन जवळपास लागतो. आणि कागद लॅमिनेट करू नका. आमचा एका भाच्याने हौसेने केला आणि मोडी सहीवरची शाई प्लॅस्टिकला चिकटून गेली.