काचेने डीएनए कसा धरला

मायक्रोअ‍ॅरेचं, म्हणजे काचेवर डीएनएचे ठिपके ठेवून त्यांच्याशी नमुन्याची जोडी जमते का हे पाहणाऱ्या तंत्राचं, नाव निघालं की कौतुक होतं ते ठिपके टेकवणाऱ्या यंत्राचं, लेझर स्कॅनरचं आणि संगणकाचं. माझ्या मते या तंत्राचा निकाल त्याआधीच, काचेवर लागतो. डीएनए आपणहून काचेला चिकटत नाही. पाण्यात स्वच्छ काचेवर ऋणभार असतो, डीएनएच्या फॉस्फेटवरही ऋणभारच. दोघं एकमेकांना दूर लोटतात. तरीही काचच हवी होती. एडविन सदर्न यांनी १९७५मध्ये डीएनए धरायला वापरलेल्या नायट्रोसेल्युलोजच्या पटलासारखी ती द्रव शोषत नाही, थोडक्या नमुन्यात भागवते आणि स्वतः फारशी चकाकत नसल्याने प्रतिदीप्त रंगाचा मंद उजेडही तिच्यावर मोजता येतो.

स्टॅनफर्डमध्ये पॅट्रिक ब्राउन यांच्या गटाने सूक्ष्मदर्शकाच्या साध्या काचपट्टीवर पॉलि-एल-लायसिनचा थर चढवला. या थराच्या धनभाराकडे डीएनए ओढला जातो. १९९५मध्ये अशाच पट्ट्यांवर अरॅबिडॉप्सिस या रोपाची ४५ जनुकं तपासली गेली. दोनच वर्षांत यीस्टची जवळजवळ सगळी जनुकं एका पट्टीवर आली. कृती वाचायला सोपी, करायला नाजूक. थर दिलेल्या पट्ट्या आठवडा-दोन आठवडे मुरू द्याव्या लागतात, नाहीतर थेंब पसरतो. वाळलेल्या ठिपक्यांना दमट हवेत पुन्हा ओल देतात, तापल्या पत्र्यावर काही क्षणांत सुकवतात आणि अतिनील किरणांनी पक्कं करतात. ओल नीट बसली नाही, तर डीएनए कडेला गोळा होऊन ठिपक्याचं कडं बनतं.

खरी कसोटी पुढे आहे. ठिपक्यांमधल्या मोकळ्या जागेतही लायसिन असतंच आणि तपासायचा नमुना तिथेही जाऊन बसेल. म्हणून सक्सिनिक अनहायड्राइडने तिथल्या अमाइनांचा धनभार काढून घेतात. जागा ऋणभारित होते आणि नमुन्याला दूर ठेवते. ज्या गुणामुळे डीएनए धरला, तोच गुण उरलेल्या काचेवरून पुसायचा! ही पायरी फसली की सगळी पट्टी उजळते आणि पुढचा महागडा स्कॅनरही काही करू शकत नाही.

यावर आक्षेप असा, की विद्युतभाराची पकड कच्ची. अल्डिहाइड किंवा इपॉक्सी थरावर सहसंयुजी बंधच घ्यावा. आखूड धाग्यांपुरतं हे मला पूर्ण पटतं. शेकडो अक्षरांचा धागा अनेक ठिकाणी चिकटला तरी जोडी जमवायला त्याचा काही भाग मोकळा राहतो. वीस-पंचवीस अक्षरांचा धागा तसाच चिकटला तर मोकळं काय उरणार? तो एका टोकालाच बांधलेला हवा. म्हणजे पकड किती घट्ट यापेक्षा ती कुठे आहे, हे महत्त्वाचं. अ‍ॅफिमेट्रिक्सने प्रकाशाच्या साहाय्याने धागे जागेवरच, एकेक अक्षर जोडत घडवले. त्यांनाही आधी काचेवर सिलेनचा थर द्यावाच लागला.

दुसरा आक्षेप काळाचा: आता थेट अनुक्रम वाचता येतो, मग ही विद्या हवी कशाला? जनुकांची सक्रियता मोजण्याच्या कामात अनुक्रमणाने मायक्रोअ‍ॅरेला मागे टाकलं, हे खरंच आहे. पण ज्या इल्युमिना यंत्रांनी हे केलं, त्यांच्या फ्लो सेलमध्येही, म्हणजे जिथे वाचन होतं त्या कप्प्यात, काचेवरच्या थरात आखूड डीएनए धागे एका टोकाने सहसंयुजी बंधाने बांधलेले असतात आणि वाचायचा प्रत्येक तुकडा आधी त्यांनाच येऊन जुळतो.