हाडांची घनता आणि घरांतील वडील स्त्रिया

आमच्या थोरल्या वहिनी, वय वर्षें एकाहत्तर, गेल्या पावसाळ्यांत न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं घसरल्या. पडणें कांहीं मोठें नव्हतें. हातांतला तांब्यादेखील कलंडला नाहीं, असें त्या अजून सांगतात. परंतु खुब्याचें हाड मोडलें. गोरेगांवाहून कोहमारा, व तेथून महामार्गानें साकोली, लाखनी, भंडारा करीत नागपुरास पोंचेपर्यंत रुग्णवाहिकेंत त्यांनीं हूं कीं चूं केलें नाहीं.

मान खालीं घालण्याचा प्रसंग आमच्यावर आला तो पुढें. डॉक्टरांनीं विचारलें, पूर्वीं कधीं हाड मोडलें होतें काय? मोडलें होतें. तेरा वर्षांपूर्वीं पुतणीच्या लग्नांत ओटीवर पाय अडखळून मनगट मोडलें, प्लास्टर झालें, आणि कार्याच्या गडबडींत सर्व विसरलें गेलें. उंची कमी झाली काय, हा दुसरा प्रश्न. घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. तेव्हां धाकटी सूनबाई हळूच म्हणाली कीं, देवघरांतील फळी हल्लीं उंच झाली आहे असें काकू म्हणत असत. ज्या आम्हीं शाळेच्या भिंतीशीं उभीं करून शेंकडों मुलांच्या उंच्या टिपल्या, त्या आम्हांस ही गोष्ट कधीं सुचली नाहीं.

अस्थि हा आपल्या आयुर्वेदांतील सात धातूंपैकीं पांचवा. सुश्रुतानें हाडें तीनशें गणिलीं. आजचें शारीरशास्त्र मोठ्या माणसाचीं २०६ गणतें. दांत व कोमल अस्थि जमेस धरल्यानें हा फरक पडतो, शास्त्रकार चुकले असें नव्हे. मात्र आज ज्यास ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, तो विकार मुका आहे. (हाडाचा क्षय, म्हणजे जंतूंचा रोग, तो निराळा.) हाड हें जिवंत असतें, जुनें झिजतें, नवें भरतें. तिशीच्या सुमारापर्यंत ठेव वाढते. स्त्रियांची पाळी थांबल्यावर पहिल्या कांहीं वर्षांत ती झपाट्यानें घटते. आणि दुखत कांहींच नाहीं. साध्या क्ष-किरण चित्रांत ही झीज दिसूं लागते तोंवर सुमारें एक तृतीयांश ठेव गेलेली असते.

म्हणून निराळी मोजणी करावी लागते. तिला डेक्सा म्हणतात. दोन निरनिराळ्या शक्तींचे क्ष-किरण कमरेच्या मणक्यांतून व खुब्यांतून पाठवून, मांस किती आणि हाडांतील खनिज किती, हें यंत्र वेगळें काढतें. स्वस्थ पडून राहावयाचें. दहा-पंधरा मिनिटांचें काम. सुई नाहीं, उपास नाहीं. धातूच्या पिना व आंकडे मात्र काढून ठेवावे, आणि कॅल्शियमची गोळी त्या दिवशीं घेऊं नये. किरणांचें प्रमाण छातीच्या चित्राहूनही कमी असतें.

उत्तर येतें तें अंकांत, निरोगी तरुण स्त्रीच्या हाडांशीं तुलना करून. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९४ सालीं ठरविलेल्या मर्यादेप्रमाणें उणे एकपर्यंत ठीक. उणे एक ते उणे अडीच म्हणजे घट. उणे अडीच वा त्याखालीं म्हणजे रोग. आमच्या एका सुशिक्षित स्नेह्यांनीं उणे तीन हें उणे एकाहून मोठें समजून समाधान मानलें होतें! गणितांत असा विद्यार्थी आम्हीं बाकावर उभा केला असता. दुसरी एक मेख अशी कीं, वृद्धपणीं मणक्यांस कांट्यासारखीं हाडें फुटतात व मणक्याचा अंक खोटाच चांगला येतो. अशा वेळीं खुब्याचा अंक पाहावा. पुन्हां मोजणी करणें झाल्यास शक्यतों त्याच यंत्रावर करावी. बाजारपेठेंत शिबिरें भरवून टांच मोजून देतात, ती ध्वनिलहरींची चांचणी केवळ सूचक आहे. तेवढ्यावर धीर धरूं नये, कीं घाबरूंही नये.

पासष्टीच्या पुढील प्रत्येक स्त्रीनें ही मोजणी करून घ्यावी. त्यापूर्वींही, जिचें हाड लहानशा पडण्यानें मोडलें, जिची पाळी चाळिशींतच गेली किंवा अंडाशय काढावे लागले, जिच्या आईचा खुबा मोडला होता, जी दम्याकरितां वा संधिवाताकरितां महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेते, तिनें थांबूं नये. पुरुषही सुटले नाहींत. सत्तरीनंतर त्यांनीं आपली पाळी समजावी.

परंतु एकत्र कुटुंबांतील अडचण यंत्राची नसतेच. दुधाची सायही नातवंडांस वाढून उरली तर घेणाऱ्या बाईस "तुमचीं हाडें मोजूं या" म्हटल्यास ती हंसते, व खर्चाचा आंकडा ऐकून उठून जाते. आमच्या सौभाग्यवतींनींही तेंच केलें. शेवटीं वहिनींनींच, अंथरुणावरून, त्यांस दटावलें. दिवाळीनंतर नागपुरास जाऊन मोजणी झाली: खुब्याचा अंक उणे १.९. औषध तूर्त नाहीं. रक्तांतील ड जीवनसत्त्व फार कमी निघालें, तें भरून काढणें सुरू आहे, आणि सकाळीं अंगणांत फिरणें. भाताच्या ह्या उन्हाळ प्रदेशांत ऊन कमी पडावें हें नवल वाटलें. पण ऊन अंगणांत असतें आणि बायका स्वयंपाकघरांत.

वहिनी आतां काठीनें चालतात. आठवड्यांतून एकदां पहाटे अनशापोटीं पेलाभर पाण्याबरोबर गोळी घेतात आणि अर्धा तास आडव्या होत नाहींत; तेवढ्या वेळांत जप होतो. माजघराच्या भिंतीवर नातवंडांच्या उंचीच्या रेघा होत्याच. त्यांशेजारीं वहिनी, आमची मंडळी व दोघी सुना ह्यांच्या रेघा तारीख घालून आम्हीं ओढल्या आहेत.