चुना : भौतिक व रासायनिक बदल

पदार्थाचा आकार वा अवस्था बदलूनही त्याचे रासायनिक संघटन कायम राहिल्यास त्या बदलास भौतिक बदल म्हणतात. भिन्न संघटनाचा पदार्थ निर्माण झाल्यास तो रासायनिक बदल होय. भौतिक बदल उलटविता येतो, रासायनिक येत नाही, अशी खूण पुष्कळदा सांगितली जाते. परंतु ती विश्वसनीय नाही. पानाच्या डब्यात व भिंतीच्या गिलाव्यात आढळणारा चुना हे याचे परिचित उदाहरण आहे.

चुनखडी फोडली किंवा दळली, तरी ती कॅल्शियम कार्बोनेटच राहते. तीच भट्टीत सु. ९००° से. तापमानाला भाजली म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून जातो व कॅल्शियम ऑक्साइड म्हणजे कळीचा चुना (चुनकळी) उरतो. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर शिंपले भाजूनही चुना करीत. कारण शिंपल्यांतही मुख्यतः कार्बोनेटच असते. भाजलेला खडा पूर्वीसारखाच दिसतो. पण शुद्ध चुनखडीच्या १०० भागांपैकी ४४ भाग वजन हवेत गेलेले असते. चुन्याचा दाहकपणा अग्नीतून त्यात शिरलेल्या द्रव्यामुळे येतो, असे पूर्वी मानीत. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काळजीपूर्वक वजने करून दाखविले की, भाजताना वायू बाहेर पडतो व त्यामुळेच चुना दाहक बनतो. येथे डोळ्यांपेक्षा तराजूची साक्ष अधिक खरी ठरली.

चुनकळीवर पाणी टाकले असता ती तडकते, फुगते, वाफा निघतात व अखेरीस तिची मऊ भुकटी होते. हा विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड होय. ५६ भाग चुनकळी १८ भाग पाण्याशी संयोग पावते. पाणी नुसते मुरत नाही. विरलेला चुना २०° से.ला लिटरभर पाण्यात सु. १.७ ग्रॅ. एवढाच विरघळतो आणि साखरेच्या उलट, पाणी तापविल्यास आणखी कमी विरघळतो. हे विरघळणे भौतिक बदलातच गणतात. मात्र वरच्या स्वच्छ निवळीत नळीने फुंकर घातल्यास ती दुधाळ होते, तेव्हा उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडामुळे कार्बोनेट बनलेले असते.

बांधकामात दोन्ही प्रकारचे बदल एकमेकांत गुंतलेले असतात. चुना व वाळू बैलाने ओढलेल्या दगडी चाकाखाली घाणीत मळीत. अशा घाण्यांचे अवशेष अनेक जुन्या किल्ल्यांवर आढळतात. मळणे हा भौतिक बदल. भिंतीवरील गिलावा वाळणे हाही भौतिकच. परंतु वाळणे म्हणजे घट्ट होणे नव्हे. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून चुन्याचे पुन्हा कार्बोनेट होते, तेव्हाच त्यास खरा टणकपणा येतो. म्हणजे भट्टीत गेलेली चुनखडी भिंतीत परत येते, आणि या फेऱ्यातील प्रत्येक टप्पा रासायनिक असतो. हवेत हा वायू सु. ०.०४ टक्केच असल्याने जाड भिंतीच्या आत ही विक्रिया वर्षानुवर्षे चालू राहते. तिला ओलावाही लागतो. म्हणून गवंडी नव्या गिलाव्यावर पाणी मारतात. पुरता न विरलेला कण गिलाव्यात राहिल्यास तो मागाहून विरतो, फुगतो व गिलाव्याचा पोपडा उडवितो; चुना बरेच दिवस भिजत ठेवण्याचे कारण हेच.

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत हा भेद विसरणे महागात पडते. चुन्याचा सच्छिद्र गिलावा भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. त्यावर घट्ट सिमेंटाचा लेप दिल्यास ओल आत कोंडते, तीत विरघळलेल्या लवणांचे लेपामागे स्फटिक बनतात व त्यांच्या दाबाने दगड-विटा भुगा होऊन झडू लागतात. स्फटिकीभवन हा भौतिक बदल असला, तरी त्याने होणारी हानी भरून निघत नाही.

पानाचा चुनाही तीव्र क्षारधर्मी असतो. पुडी वा नळी दाबताना तो लहान मुलांच्या डोळ्यांत उडून बुबुळास कायमची इजा झाल्याची उदाहरणे आहेत. अशा वेळी लिंबू वा अन्य अम्ल न वापरता, चिकटलेले कण काढीत डोळा ताबडतोब स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे धुवावा व विनाविलंब वैद्यकीय उपचार घ्यावेत.