छातीतील धडधड आणि मनातील भय

भय हे मनात उत्पन्न होते खरे, परंतु ते राहावयास येते शरीरात. आपल्या मराठी भाषेस ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भ्यालेल्या मनुष्याच्या छातीत धडकी भरते, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, घशास कोरड पडते, अंगास दरदरून घाम फुटतो, असे आपण नित्य बोलतो. हे केवळ अलंकार नव्हेत. ही त्या मनुष्याच्या देहाची खरीखुरी अवस्था होय. समोर वाघ उभा असता ती झाली, तर कोणास नवल वाटत नाही. परंतु समोर काहीही नसता, एसटीच्या बाकावर स्वस्थ बसलेला असता एखाद्याची अशी अवस्था झाली, तर त्याने काय समजावे? बहुधा तो समजतो की, आपणांस काही प्राणघातक रोग जडला. ह्या समजुतीपासूनच पुढील सर्व दुःख सुरू होते. म्हणून ह्या विषयाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. हिर्डोशीकडील एक चाळिशीचा शेतकरी भोरच्या बाजारास निघाला आहे. गाडीत गर्दी आहे, बाहेर पावसाची झोड आहे, आदल्या रात्री झोप पुरी झालेली नाही. मध्येच त्याचे काळीज जोराने धडधडू लागते. श्वास अपुरा पडतो. ओठांस व बोटांस मुंग्या येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ‘आता आपण मरणार’ असे त्यास निश्चित वाटते. भोरच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत धडधड ओसरलेली असते. डॉक्टर तपासतात, हृदयाचा आलेख काढतात, रक्त पाहतात आणि सांगतात, ‘तुम्हांस काही झालेले नाही.’ तो मनुष्य घरी येतो, परंतु त्याचे समाधान होत नाही. काही झालेले नाही, तर मग जे झाले ते काय होते?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. ‘काही झालेले नाही’ हे उत्तर अपुरे आहे. हृदयास काही झालेले नव्हते हे खरे, तरी झटका खराच आला होता. त्यास आपण भयाचा झटका म्हणू. वैद्यकात त्यास पॅनिक अटॅक असे नाव आहे. असे झटके पुनःपुन्हा अवचित येऊ लागले आणि पुढच्या झटक्याच्या धास्तीने मनुष्याचा जीवनक्रम बदलू लागला, म्हणजे त्यास पॅनिक डिसऑर्डर हा विकार समजतात. इ. स. १८७१ मध्ये डा कोस्टा नामक अमेरिकन डॉक्टरांनी तेथील यादवी युद्धातील सैनिकांच्या एका विलक्षण व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले. छातीत धडधड, दम व वेदना असूनही त्यांपैकी पुष्कळांच्या हृदयात दोष सापडत नसे. आजच्या दृष्टीने त्यांपैकी कित्येकांस भयाचाच विकार असावा. ह्या विकारास स्वतंत्र नाव मिळून अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात त्यास स्थान मिळावयास मात्र इ. स. १९८० साल उजाडले.

आता हे घडते कसे ते पाहू. संकटाची चाहूल लागताच मेंदू शरीरास ‘लढ किंवा पळ’ अशी आज्ञा देतो. वॉल्टर कॅनन ह्या शरीरशास्त्रज्ञाने इ. स. १९१५ मध्ये आपल्या ग्रंथात ह्या क्रियेचे विवेचन केले. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी आहेत. त्यांतून ॲड्रेनलिन नावाचा स्राव रक्तात मिसळतो. हृदय वेगाने चालू लागते, रक्त मांड्यांच्या व दंडांच्या स्नायूंकडे धाव घेते, श्वास जलद होतो आणि घाम सुटतो. डोंगरात अस्वल अंगावर आले असता ह्याच व्यवस्थेने आपल्या पूर्वजांचे प्राण वाचविले. ती आपली वैरीण नव्हे, राखणदार आहे. मात्र राखण करणारा कुत्रा जसा कधी चोर नसताही वाऱ्याने पान हलले म्हणून भुंकतो, तद्वत ही व्यवस्थाही कधी कधी विनाकारण जागी होते.

जलद श्वासाचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. गाडीत स्वस्थ बसलेला मनुष्य धावणाऱ्यासारखा श्वास घेऊ लागला, म्हणजे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायू प्रमाणापेक्षा कमी होतो. त्यामुळेच बोटांस मुंग्या येतात, डोके हलके होते आणि छाती आवळल्यासारखी वाटते. प्राणवायू पुरेसा असतो, परंतु त्या मनुष्यास मात्र तो अपुरा आहे असे वाटते व तो अधिकच जोराने श्वास घेतो!

येथून दुष्टचक्र सुरू होते. ऑक्सफर्ड येथील डेव्हिड क्लार्क ह्यांनी इ. स. १९८६ मध्ये ते स्पष्ट करून मांडले. शरीरात काही लहानसा फेरफार होतो, मन त्याचा भयंकर अर्थ लाविते, त्या अर्थाने भय वाढते, भयाने धडधड वाढते आणि वाढलेली धडधड पाहून मन म्हणते, ‘पाहा, मी सांगत होतो ना!’ ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण आपण नेहमी वापरतो. ती येथे अक्षरशः लागू पडते. मनुष्य जसजसा पळतो, तसतसा हा राक्षस त्याच्या पाठीस लागतो. परंतु त्याचे एक मर्म आहे. झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत आपल्या शिखरास पोहोचतो आणि नंतर आपोआप उतरू लागतो, कारण शरीर तो भर फार वेळ सोसत नाही. भय वाटते तितके ते टिकाऊ नसते.

ह्याच भयाची एक सख्खी बहीण आहे, ती म्हणजे आजाराची चिंता. तीत झटका येईलच असे नाही. मनुष्य दिवसातून दहा वेळा आपली नाडी पाहतो, मानेवरील गाठ चाचपतो, जिभेचा रंग आरशात न्याहाळतो. पूर्वी तो शेजाऱ्यांस विचारी, आता रात्री अंथरुणात मोबाइल विचारतो. डोके दुखते असे लिहावे, तो थकवा, चष्मा, सर्दी ही साधी कारणे मागे राहतात आणि नजर मेंदूतील गाठीवर जाऊन खिळते. डॉक्टरांनी धीर दिला, म्हणजे दोन दिवस बरे वाटते. तिसऱ्या दिवशी शंका येते, ‘त्यांच्या नजरेतून काही सुटले तर नसेल?’ मग दुसरे डॉक्टर, दुसरी तपासणी, दुसरे कर्ज. ह्या विकारास युरोपात हायपोकाँड्रिया म्हणत. हा मूळ ग्रीक शब्द बरगड्यांच्या कूर्चेखालील भागाचा वाचक आहे, कारण ह्या चिंतेचे मूळ पोटाच्या त्या भागात आहे असा प्राचीनांचा समज होता. फ्रेंच नाटककार मोलिएर ह्याने अशाच एका काल्पनिक रोग्यावर विनोदी नाटक रचिले व इ. स. १६७३ मध्ये स्वतः ती भूमिका केली. त्या नाटकाच्या चौथ्या प्रयोगात तो खराच अत्यवस्थ झाला आणि त्याच रात्री मरण पावला. ह्यातून एक बोध घ्यावा: ज्यास आजाराची चिंता आहे, त्यास खरा आजार होणारच नाही असे नाही. म्हणून त्याची थट्टा करू नये आणि त्याची पहिली तक्रार कधीही उडवून लावू नये.

आमच्या ह्या हिरडस मावळात तर भयास सबळ कारणेही आहेत. नीरा नदीचे हे खोरे, एका अंगास नीरा-देवघर धरणाचे पाणी, पुढे वरंध्याचा घाट. पावसाळ्यात दरड कोसळून घाटाची वाट वारंवार बंद पडते. ‘रात्री काही झाले तर रुग्णालय गाठता येईल का?’ हा प्रश्न वाडीवस्तीवरील मातेने विचारावा, ह्यात दुर्बळपणा नाही. इ. स. २०२१ च्या जुलैत घाटापलीकडे महाड तालुक्यातील तळिये गाव दरडीखाली सापडले. त्या वर्षापासून पावसाच्या आवाजाने ज्यांची झोप उडते, त्यांस भित्रे म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? तथापि सावधगिरी आणि भय ह्यांतील भेद ओळखिला पाहिजे. सावधगिरी एकदा काम करून थांबते. भय काम करीत नाही आणि थांबतही नाही. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवणे ही सावधगिरी, रात्रभर जागून आपल्या हृदयाचे ठोके मोजणे हे भय.

म्हणून पहिली पायरी अशी की, एकदा नीट तपासणी करून घ्यावी. छातीत प्रथमच कळ आली, ती हातात अथवा जबड्यात जाऊ लागली, श्रमाने वाढली, किंवा मनुष्य बेशुद्ध पडला, तर ‘मनाचे खेळ’ म्हणून घरी बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. कंठग्रंथीचा विकार, रक्तक्षय, दमा, हृदयाच्या ठोक्यांतील दोष ह्यांनीही अशीच धडधड होते. परंतु तपासणी पुरी होऊन डॉक्टरांनी निर्वाळा दिला, म्हणजे त्याच तक्रारीसाठी पुनःपुन्हा दारोदार फिरू नये. पुढची तपासणी केव्हा करावी ते डॉक्टरांनी ठरवावे, भयाने ठरवू नये.

दुसरी पायरी झटक्याच्या वेळची. जागा सोडून पळू नये. मनाशी म्हणावे, ‘हे भय आहे, हे चढेल आणि उतरेल.’ श्वास ओढण्याची घाई न करता तो सावकाश बाहेर सोडावा. गाडीतून उतरून घरी परतल्यास त्या क्षणी सुटका वाटते, परंतु मेंदू असा धडा शिकतो की गाडीच घातक होती. मग गाडी सुटते, पुढे बाजार सुटतो, त्यामागून लग्नकार्ये सुटतात आणि शेवटी मनुष्य घराच्या उंबऱ्याआड बंदिवान होतो. उलट, थोडे थोडे करून भयाच्या जागी परत जाणे हेच ह्या विकाराचे खरे औषध होय. आज फाट्यापर्यंत चालत, उद्या गाडीने एक थांबा, पुढील आठवड्यात भोर.

तिसरी पायरी रोजच्या आचरणाची. नाडी पाहण्याचे व चाचपण्याचे प्रकार मोजावेत आणि दर आठवड्यास कमी करावेत. आजाराविषयी मोबाइलवर शोध घेणे वर्ज्य करावे. कडक चहा कमी करावा. तंबाखू व मशेरी सोडावी, कारण त्यांतील निकोटिनाने हृदयाचे ठोके वाढतात व मनुष्य त्यासच रोग समजतो. झोप पुरी घ्यावी. आणि धडधडीस भिऊन कष्ट टाकू नयेत. चढ चढताना होणारी धडधड ही निरोगी हृदयाची चाल आहे, हे शरीरास पुन्हा शिकवावे.

इतके करूनही भय हटत नसेल, तर तज्ज्ञांकडे जाण्यात लाज ती कसली? विचारांची चुकीची वळणे तपासून सुधारण्याची एक उपचारपद्धती अल्बर्ट एलिस ह्यांनी अमेरिकेत इ. स. १९५५ च्या सुमारास मांडिली. तिचा महाराष्ट्रात प्रसार करण्याचे मोठे कार्य मुंबईचे कि. मो. फडके ह्यांनी केले. एलिस ह्यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार होता. डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इ. स. १९९० मध्ये ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था स्थापिली आणि ह्या विषयावर मराठीतून विपुल लेखन व व्याख्याने केली. औषधेही उपयोगी पडतात. त्यांचा गुण येण्यास कित्येक आठवडे लागतात, म्हणून ती मध्येच आपल्या मनाने सोडू नयेत, आणि झोपेच्या गोळ्या दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. दूरच्या वाडीतील मनुष्यासही आता एक सोय झाली आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसा वा रात्री विनामूल्य बोलता येते, मराठीतही बोलता येते. इ. स. २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत केलेल्या पाहणीत १८ वर्षांवरील लोकांपैकी शेकडा १०.६ जणांस कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले, आणि त्यांपैकी बहुसंख्यांस उपचारच मिळालेले नव्हते. म्हणजे जो मनुष्य आपणांस एकटा समजतो, तो एकटा नाही.

आता पालकांस दोन शब्द. मुलगा परीक्षेच्या सकाळी ‘पोट दुखते, छाती धडधडते’ म्हणाला, तर ‘ढोंग करतोस’ असे म्हणू नका. ते दुखणे खरे असते. तसेच प्रत्येक वेळी ‘काही नाही, काही नाही’ असे शंभरदा सांगून त्याची चिंताही पोसू नका. एकदा तपासून घ्या, एकदा समजावून सांगा आणि मग त्याच्या पाठीवर हात ठेवून त्यास शाळेच्या वाटेस लावा. त्यास घरी ठेवण्यात माया दिसते, परंतु अशा मायेने त्याची शाळा सुटेल व भय मात्र घरी राहील. बाहेरची बाधा झाली म्हणून महिनेच्या महिने दवडू नका. आणि ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असेही कोणी म्हणू नये. प्रार्थना करणाऱ्याचेही हृदय धडधडते, कारण तेही मांसाचेच असते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वर्गातील एखादा मुलगा अवचित पांढराफटक पडून बाहेर जाऊ पाहील, तेव्हा हसू नका. त्याच्या शेजारी बसा, शिक्षकांस कळवा आणि त्यास हळूच सांगा, ‘थांब, हे उतरेल, मी येथे आहे.’ धैर्य म्हणजे काळीज न धडधडणे नव्हे. धडधडत्या काळजाने आपल्या वाटेवर पुढचे पाऊल टाकणे ह्यास धैर्य म्हणतात, आणि ते कोणासही शिकता येते.